कामे आहेत, हातही आहेत. तरीही मॉरिशसची तरुणाई रिकामी का?

– विशेष प्रतिनिधी

मॉरिशस म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साधारणतः तीन चित्रे उभी राहतात. निळ्या समुद्राकाठची आलिशान हॉटेले, शेअर बाजारात ‘मॉरिशसमार्गे’ येणारा पैसा आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी देणारा दूरचा देश. हिंदी महासागरातील हे राष्ट्र आकाराने गोव्याच्या निम्म्याहून थोडे मोठे, क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आफ्रिका खंडातील सर्वाधिक सुस्थितीतील देशांत त्याची गणना होते. शिक्षण मोफत, आरोग्यसेवा मोफत, निवडणुका नियमित. एवढे सारे असताना या देशाला गेली पंधरा-वीस वर्षे एक प्रश्न सतावतो आहे. तेथील तरुणांना, आणि त्याहून अधिक तरुणींना, काम मिळत नाही.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा असता तर त्याची चर्चा अर्थशास्त्रज्ञांपुरती राहिली असती. परंतु ज्या बेटावर स्थानिक तरुण नोकरीच्या शोधात आहेत, त्याच बेटावरील कापड कारखाने, बांधकामे, बेकऱ्या आणि अलीकडे हॉटेलेही बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथून आणलेल्या कामगारांवर चालतात. कामे आहेत आणि रिकामे हातही आहेत; मात्र त्यांची गाठ पडत नाही. असे का घडते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आकडा नेमके काय सांगतो?

प्रथम मोजणीची रीत पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार ज्याच्याकडे काम नाही, जो काम शोधत आहे आणि मिळाल्यास ते करण्यास तयार आहे, तोच ‘बेरोजगार’ ठरतो. कॉलेजात शिकणारा विद्यार्थी किंवा काम न शोधणारी गृहिणी या गणतीत येत नाही. मॉरिशसमध्ये १६ ते २४ या वयोगटाला ‘युवक’ मानतात. समजा, या वयाचे शंभर जण आहेत. त्यांपैकी साठ शिकत आहेत अथवा अन्य कारणाने कामाच्या शोधात नाहीत. उरलेल्या चाळिसांपैकी दहा जणांना काम नाही, तर युवक बेरोजगारीचा दर २५ टक्के होतो. याचा अर्थ दर चौथा तरुण रिकामा आहे असा नव्हे. कामाच्या बाजारात उतरलेल्यांपैकी दर चौथा रिकाम्या हाताने परततो, असा आहे.

मॉरिशसचा युवक बेरोजगारीचा दर २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यास साधारण याच पातळीवर, म्हणजे २५ टक्क्यांच्या आसपास होता. देशाचा एकूण बेरोजगारी दर त्या काळात सात-आठ टक्के होता. तरुणांचा दर एकूण दराच्या सुमारे तिप्पट राहावा, हा तेथील जणू नियमच होऊन बसला आहे. एकूण दर उतरला की तरुणांचाही उतरतो. पण दोहोंमधील अंतर मिटत नाही.

तरुणांमध्येही मुले आणि मुली यांच्यात मोठी तफावत आहे. कोरोनापूर्व वर्षांत कामाच्या बाजारातील तरुणांपैकी साधारण एक पंचमांश बेरोजगार होते, तर तरुणींमध्ये हे प्रमाण तीन दशांशांच्या घरात होते. सर्व वयोगटांचा विचार केला तरी चित्र तेच. २०१९ मध्ये देशाचा बेरोजगारी दर ६.७ टक्के होता. पुरुषांमध्ये तो पाच टक्क्यांच्या आत, तर स्त्रियांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. कामाच्या बाजारात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच कमी असूनही एकूण बेरोजगारांत निम्म्याहून अधिक स्त्रियाच होत्या. हे अधिक खटकते, कारण शालेय परीक्षांत मुलींचा निकाल वर्षानुवर्षे मुलांपेक्षा सरस लागतो.

उसाकडून शिवणयंत्राकडे

मॉरिशसला बेरोजगारी नवी नाही. १९६८ च्या १२ मार्चला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा हा देश जवळजवळ पूर्णतः उसावर जगत होता. हिवतापाचे उच्चाटन झाल्यावर लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि उसाच्या मळ्यांत एवढ्या हातांना काम मिळणे अशक्य होते. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या बेटाच्या भवितव्याविषयी अत्यंत निराशाजनक भाकीत केले होते.

ते भाकीत खोटे ठरले, याचे श्रेय बऱ्याच अंशी शिवणयंत्राला जाते. १९७० मध्ये सरकारने निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. करसवलती मिळाल्या, हाँगकाँगचे भांडवल आले, तयार कपड्यांना युरोपची बाजारपेठ विनाशुल्क खुली झाली. १९७५ च्या लोमे करारामुळे साखरेलाही युरोपात जागतिक बाजारापेक्षा चढा भाव मिळू लागला आणि त्या नफ्यातील काही पैसा कारखान्यांत व हॉटेलांत गुंतला. तरीही १९८० च्या दशकाच्या आरंभी बेरोजगारी सुमारे २० टक्के होती. मग कापड कारखान्यांची लाटच आली आणि १९९० च्या सुमारास हा दर तीन टक्क्यांच्या आत उतरला. जगाने याला ‘मॉरिशसचा चमत्कार’ म्हटले.

हा चमत्कार प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमांतून घडला. निर्यात क्षेत्रात ऐन भरात नव्वद हजारांच्या आसपास नोकऱ्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य तरुण मुलींच्या होत्या. शाळा अर्धवट सोडलेली ग्रामीण मुलगी कारखान्याच्या बसने सकाळी निघे आणि घरात प्रथमच स्वतःची कमाई आणी. स्त्रियांना प्राधान्याने घेण्यामागे उदात्त हेतू नव्हता. सुरुवातीच्या काळात त्यांच्यासाठीचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवण्यात आले होते, हे त्याचे साधे कारण. तरीही या नोकऱ्यांनी एका पिढीतील स्त्रियांना घराबाहेरचे जग दाखविले.

एकाच वेळी दोन खांब ढासळले

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा पाया खचू लागला. कापड निर्यातीचे कोटे ठरविणारी बहुधागा करारावर आधारलेली व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली. चीनसारख्या प्रचंड उत्पादकांना युरोप-अमेरिकेची दारे उघडली आणि मॉरिशसला दिलेल्या राखीव वाट्याचा अर्थ संपला. हाँगकाँगहून आलेले अनेक उद्योजक गाशा गुंडाळून गेले, काहींनी कारखाने मजुरी स्वस्त असलेल्या मादागास्करला हलविले. पाठोपाठ युरोपीय संघाने २००६ पासून टप्प्याटप्प्याने साखरेची खरेदी किंमत ३६ टक्क्यांनी घटविली आणि २००९ मध्ये साखर करारच संपला. साखर कारखान्यांचे एकत्रीकरण झाले, मळ्यांवरील हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली.

त्यानंतर देशाने नवे खांब उभारले. पर्यटन वाढविले, एबेन येथे भारताच्या साहाय्याने ‘सायबरसिटी’ उभी केली, वित्तीय सेवांचा विस्तार केला. पण शिवणयंत्रावरून उठलेली बाई संगणकासमोर बसली नाही आणि तिची मुलगी शिवणयंत्रावर बसायला तयार नव्हती. जुनी कामे ज्या लोकांच्या हातून गेली, त्या लोकांपर्यंत नवी कामे पोहोचलीच नाहीत. आजच्या प्रश्नाची सुरुवात येथे झाली.

पदवी आहे, पण कशाची?

मॉरिशसमध्ये १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत आहे. २०१९ पासून सरकारी संस्थांतील पहिल्या पदवीपर्यंतचे शुल्कही माफ झाले. कारखान्यात राबलेल्या आईने मुलीला शिकविले ते तिने कारखान्यात जाऊ नये म्हणून. या इच्छेत गैर काहीच नाही. परंतु शिक्षणाचा साचा परीक्षाकेंद्रित राहिला. केंब्रिजच्या परीक्षा, शाळेबाहेरच्या खासगी शिकवण्या आणि अव्वल विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती यांभोवती सारी व्यवस्था फिरते. परदेशी गेलेल्या हुशार मुलांपैकी अनेक जण परततच नाहीत. दुसऱ्या टोकाला प्राथमिक शाळेच्या अखेरीसच नापास ठरून बाहेर पडणारी मुले होती. त्यासाठीची जुनी परीक्षा रद्द करून २०१७ पासून नऊ वर्षांच्या सलग शिक्षणाची योजना आणली गेली, ती हीच गळती थांबविण्यासाठी.

परिणामी दोन वेगळ्या प्रकारचे बेरोजगार तयार झाले. एक, कमी शिकलेला तरुण, बहुधा मुलगा. त्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही आणि हातात कसबही नाही. दुसरी, पदवीधर, पुष्कळदा मुलगी. तिच्यापाशी प्रमाणपत्र आहे, पण त्या विषयाच्या जागा मोजक्या. मोठ्या देशात एका शहरात जागा नसेल तर दुसऱ्या शहरात शोधता येते. छोट्या बेटावर दुसरे शहर म्हणजे अर्ध्या तासावरचे गाव. एका विद्याशाखेतून वर्षाला दोनशे जण बाहेर पडले आणि देशभरात जागा वीसच असल्या, तर उरलेल्यांना एक तर क्षेत्र बदलावे लागते किंवा देश.

यात भर पडते ती सरकारी नोकरीच्या ओढीची. सुरक्षितता, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा यांमुळे लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहत दोन-तीन वर्षे काढणारे पदवीधर तेथे कमी नाहीत. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेल्या मुलांच्या पालकांना हे वर्णन परके वाटणार नाही. शिवाय समाज छोटा, प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा परिचित. नोकरी ओळखीवर व जातिधर्मावर मिळते, ही तक्रार तेथे जुनी आहे. २०१२ मध्ये समान संधी आयोग स्थापन झाला, तो या तक्रारीची दखल म्हणूनच.

मग परदेशी कामगार कशासाठी?

स्थानिक तरुण आळशी झाले आहेत, असे सोपे उत्तर मॉरिशसमध्येही अनेकदा दिले जाते. कारखानदाराच्या बाजूने पाहिले तर बाहेरून आणलेला कामगार ठरावीक वर्षांच्या करारावर येतो, कारखान्याच्या वसतिगृहात राहतो, जादा पाळी करण्यास उत्सुक असतो, कारण त्याला कमी काळात अधिकाधिक पैसे घरी धाडायचे असतात. नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य त्याला जवळजवळ नसते. स्थानिक तरुणाला मात्र संध्याकाळी घरी परतायचे असते आणि त्याच पगारात आयुष्य उभारायचे असते. म्हणजे दोघांनी एकाच कामाचा केलेला हिशेब मुळातच वेगळा आहे.

वेतनाचा मुद्दाही यात आहे. देशात सरसकट किमान वेतन लागू झाले ते थेट जानेवारी २०१८ मध्ये. ते पुढे वाढत जाऊन जानेवारी २०२४ मध्ये दरमहा १६,५०० मॉरिशियन रुपये झाले. त्याआधी अनेक क्षेत्रांत पगार इतके तोकडे होते की पालकांच्या घरी राहून चांगल्या संधीची वाट पाहणे, हाच पदवीधराला शहाणपणाचा मार्ग वाटे. अर्थात वाट पाहणे ज्यांना परवडते त्यांचेच हे गणित. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, ते मिळेल ते तात्पुरते काम करतात आणि बेरोजगारांच्या गणतीत दिसतही नाहीत.

मुलींच्या वाटेतील अडसर

तरुणींची अडचण याहून वेगळी आहे. हॉटेल आणि कॉल सेंटर या दोन्ही क्षेत्रांत माणसे लागतात. फ्रेंच व इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या मॉरिशियन तरुणींना तेथे मागणीही आहे. पण कामाच्या वेळा रात्रीच्या, आठवड्याच्या सुटीतल्या. संध्याकाळनंतर गावाकडच्या बस विरळ होतात. भारताच्या अर्थसाहाय्याने उभारलेली मेट्रो जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली. पण तिचा उपयोग मुख्यतः राजधानी व मधल्या पठारावरील नगरांना होतो. उत्तर व दक्षिण किनाऱ्यांवरील गावांतील मुलीला रात्री अकराला घरी कोण पोहोचविणार, हा प्रश्न आई-वडील विचारतातच.

लग्नानंतर दुसरा अडसर उभा राहतो. पाळणाघरे अपुरी व महाग, घरकामाची वाटणी जुनीच. कामाच्या वयातील पुरुषांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जण कामाच्या बाजारात आहेत; स्त्रियांमध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. बेरोजगार पुरुषांत अविवाहित तरुण अधिक, तर बेरोजगार स्त्रियांत विवाहितांचे प्रमाण मोठे, हा फरक पुरेसा बोलका आहे. पुरुषाची बेरोजगारी बहुधा पहिल्या नोकरीपूर्वीची असते. स्त्रीच्या वाट्याला ती पुनःपुन्हा येते.

रिकामेपणाची किंमत

ही किंमत मॉरिशसने मोजलेली आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. बहुतांशी क्रिओल वस्त्यांतील गरीब, बेकार तरुण रस्त्यावर आले. ज्या काळात देशाच्या आर्थिक चमत्काराचे गोडवे गायले जात होते, त्याच काळात एक मोठा वर्ग त्याच्या बाहेर राहिला होता, हे त्या दिवसांत उघड झाले. त्यानंतरच्या काळात कृत्रिम अमली पदार्थांनी तरुणांमध्ये हातपाय पसरले. या व्यापाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिला. बेकारी हे व्यसनाचे एकमेव कारण नव्हे; परंतु रिकामा दिवस आणि रिकामा खिसा ही व्यसनाच्या विक्रेत्यांना हवी असलेलीच परिस्थिती असते.

मुख्य बेटाच्या पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्ज या छोट्या बेटाची स्थिती अधिक बिकट. २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. पण शेती, मासेमारी, थोडे पर्यटन आणि सरकारी नोकऱ्या यांपलीकडे तेथे फारसे काही नाही. तेथील तरुण मॉरिशसला येतात, तर मॉरिशसमधील तरुण फ्रान्स, कॅनडा किंवा पर्यटन जहाजांवरील नोकऱ्यांकडे पाहतात.

सरकारचे उपाय, कोरोनाचा घाव

सरकार स्वस्थ बसले असे म्हणता येत नाही. २०१३ मध्ये युवक रोजगार कार्यक्रम सुरू झाला. नवख्या तरुणास कामावर घेणाऱ्या उद्योगास त्याच्या मानधनाचा काही भाग ठरावीक काळापुरता सरकारने द्यावा, अशी ही योजना. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र तोडणे हा तिचा हेतू. तिच्यामुळे अनेकांना पहिली संधी मिळाली. मात्र अशा योजनांचा खरा कस अनुदान संपल्यानंतर लागतो. मालकाने त्या तरुणाला कायम केले, की त्याच्या जागी पुन्हा अनुदानाचा दुसरा तरुण आणला, यावर सारे अवलंबून असते.

आणि मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या. त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आक्रसली. वर्षाला १३-१४ लाख पर्यटकांचे स्वागत करणारी हॉटेले ओस पडली. त्यातच जुलैमध्ये ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळ खडकांवर चढले आणि तेलगळतीने किनारा काळवंडला. सरकारने वेतन साहाय्य योजनेद्वारे नोकऱ्या टिकविण्याचा प्रयत्न केला, पण बेरोजगारी नऊ टक्क्यांवर गेली. शेवटी आलेला प्रथम जातो, या न्यायाने तरुणांना सर्वाधिक झळ बसली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सीमा पूर्णपणे खुल्या झाल्या, पर्यटक परतले, २०२३ मध्ये बेरोजगारी सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. परंतु हॉटेलांतून गेलेले कर्मचारी परतले नाहीत. कुणी जहाजांवर गेले, कुणी परदेशी, कुणी दुसरा धंदा धरला. आता हॉटेलांनाच माणसे मिळेनाशी झाली आणि परदेशी कामगारांसाठीचे नियम सैल करण्यात आले. बेकारीचा दर घटण्यामागे केवळ नव्या नोकऱ्या नाहीत. तरुणांची संख्याच घटते आहे आणि त्यांतील काही देश सोडून जात आहेत, हेही त्यामागचे कारण आहे.

मराठी माणसाचा धागा

या कहाणीत आपलेही काही आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातून गेलेली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज तेथे छोटा, पण ठळक समाज म्हणून नांदतात. गणेशोत्सव साजरा करतात, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. मळ्यावरचे पणजोबा, कारखान्यातली आजी किंवा आई आणि नोकरी शोधणारी पदवीधर मुलगी हा क्रम त्यांच्याही अनेक घरांतून दिसतो. दुसरा धागा पैशाचा. १९८३ च्या भारत-मॉरिशस करारामुळे तेथे जी वित्तीय सेवा वाढली, तिने लेखापाल व कायद्याच्या पदवीधरांना चांगल्या नोकऱ्या दिल्या. २०१६ मध्ये त्या करारात बदल होऊन भांडवली नफ्यावरील सवलत संपली, तेव्हा मुंबईइतकीच चिंता एबेनच्या कार्यालयांतही होती. छोट्या देशाची नोकरी दुसऱ्या देशाच्या निर्णयावर कशी अवलंबून असते, याचा हा नमुना.

पुढे काय?

मॉरिशसपुढील खरा पेच येथून सुरू होतो. तेथील स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या दीडच्याही खाली गेली आहे; वृद्ध वाढत आहेत. प्रत्येक ज्येष्ठ नागरिकास मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन हा त्या देशाचा अभिमान. पण नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ६२ पैकी ६० जागा जिंकून सत्तेवर आलेल्या नवीन रामगुलाम यांच्या सरकारला जून २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठीचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याची घोषणा करावी लागली आणि त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. निवृत्तांचा भार ज्यांनी उचलायचा, तीच पिढी एकीकडे संख्येने घटते आहे, दुसरीकडे तिच्यातील मोठा भाग काम मिळण्याची वाट पाहतो आहे.

यावरचे उपाय अज्ञात नाहीत. कारखाना व हॉटेल यांच्या गरजेशी जोडलेले व्यवसाय शिक्षण, परवडणारी पाळणाघरे, रात्रीची सुरक्षित वाहतूक, ओळखीऐवजी गुणवत्तेवर भरती आणि माणसाला राहावेसे वाटेल असा पगार. यांतील एकही उपाय परदेशी कामगार आणण्याइतका झटपट नाही, म्हणूनच तो पुढे ढकलला जातो. मीड यांचे भाकीत मॉरिशसने एकदा खोटे पाडले, ते मुलींना कारखान्याची दारे उघडून. त्याच मुलींच्या लेकींना त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम देता आले, तर दुसऱ्यांदाही तो निराशावाद्यांना खोटे ठरवू शकेल. अन्यथा शिकविलेली पिढी विमानतळावर निरोप देण्यापुरतीच देशाची उरेल.